जुना गेमिंग संगणक : दुरुस्ती की नूतनीकरण?

कोणत्याही यंत्राचे आयुष्य दोन प्रकारे संपते. एक तर ते झिजते, किंवा काळ त्याच्या पुढे निघून जातो. झीज दुरुस्त होते. कालबाह्यता दुरुस्त होत नाही. घरातील जुन्या गेमिंग संगणकावर खर्च करण्यापूर्वी हा भेद ओळखणे अगत्याचे आहे.

झिजेची लक्षणे

खेळ सुरू असताना संगणक तापून बंद पडणे आणि पंख्याचा आवाज वाढणे ही बहुधा धूळ साचल्याची व प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकल्याची लक्षणे होत. दर वेळी तारीख व वेळ चुकत असल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असू शकतो. खेळाचा भार वाढताच संगणक रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस तपासून घ्यावा. असे दोष तुलनेने अल्प खर्चात दूर होतात. केवळ त्यांच्यासाठी नवा संगणक घेणे म्हणजे चाक पंक्चर झाले म्हणून स्कूटर विकण्यासारखे आहे.

कालबाह्यतेची परीक्षा

उदाहरणादाखल २०१७ मध्ये घेतलेला, इंटेल कोअर आय५-७४०० प्रोसेसर व ८ जीबी रॅम असलेला संगणक विचारात घेता येईल. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास तो लवकर सुरू होईल; रॅम १६ जीबी केल्यास अडखळणेही कमी होईल. परंतु प्रोसेसर चार कोअरचाच राहील. पुढील, म्हणजे आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचा असला, तरी त्या मदरबोर्डवर अधिकृतपणे चालत नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. ज्या संगणकावर मुले खेळतात, त्यावरच पालक नेटबँकिंग करीत असतील, तर सुरक्षाविषयक सुधारणा न मिळणे ही केवळ खेळाची अडचण राहत नाही.

याउलट, एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यानंतर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. दोन्ही संगणकांचे वय सारखेच. उरलेले आयुष्य मात्र भिन्न.

हिशेबाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न बुडीत खर्चाचा. आजवर संगणकावर किती रक्कम घातली, याला निर्णयात स्थान नसावे. यापुढील प्रत्येक रुपयातून काय मिळणार, एवढेच पाहावे.

दुसरा प्रश्न, घेतलेला भाग पुढच्या संगणकात नेता येईल काय? एसएसडी, दर्जेदार एसएमपीएस व ग्राफिक्स कार्ड बहुधा नेता येतात. डीडीआर४ रॅम मात्र डीडीआर५ च्या जागी बसत नाही. जे पुढे नेता येते ती गुंतवणूक. जे येत नाही तो खर्च.

तिसरा प्रश्न हप्त्यांचा. यंत्र निकामी झाल्यावरही हप्ते चालू राहतील, अशी मुदत स्वीकारू नये.

नवा संगणक घेण्याचे ठरल्यास जुन्या डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसून टाकावी व निरुपयोगी सुटे भाग नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावेत.