हसत हसत वाचन : विनोदी चित्रपुस्तकांचा एक अभ्यास

मूल चार-पाच वर्षांचे झाले की आपण त्याच्यासाठी पाटी आणतो, अंकलिपी आणतो, बाराखडी पाठ करून घेतो. हे आवश्यकच आहे. परंतु अक्षरओळख होणे आणि वाचनाची गोडी लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. अक्षरे ओळखणारी कितीतरी मुले पुढे आपणहून पुस्तक हाती धरीत नाहीत. ज्या घरी आईवडिलांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, तेथे तर पुस्तक म्हणजे परीक्षेपुरती वस्तू, अशीच मुलाची समजूत होते. ही समजूत मोडण्याचे काम विनोदी चित्रपुस्तक करू शकते, असे आमचे मत आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेतील एका लेखकाचे उदाहरण घेत आहोत.

दोनशे छत्तीस शब्दांचे पुस्तक

थिओडोर स्यूस गायझेल (१९०४–१९९१) हे 'डॉ. स्यूस' या टोपणनावाने लिहीत. मजकूर त्यांचा आणि चित्रेही त्यांचीच. १९५४ साली 'लाइफ' या साप्ताहिकात जॉन हर्सी या लेखकाने एक प्रश्न मांडला. मुले वाचनात मागे का पडतात? त्याचे एक कारण त्याने असे दिले की, शाळेतील पहिली पुस्तकेच नीरस आहेत. त्यांतील मुले नको तितकी गुणी, आणि चित्रे निर्जीव. डॉ. स्यूस यांच्यासारख्या चित्रकारांना हे काम का देऊ नये, असेही त्याने सुचविले.

त्यानंतर विल्यम स्पॉल्डिंग या प्रकाशकाने डॉ. स्यूस यांना लहान मुलांना येणाऱ्या मोजक्या शब्दांची यादी दिली व तेवढ्यातच पुस्तक लिहिण्यास सांगितले. काम सोपे नव्हते. अखेर यादीतील यमक जुळणारे दोन शब्द, 'मांजर' आणि 'टोपी' या अर्थाचे, घेऊन त्यांनी कथा रचली, असे ते स्वतः सांगत. १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' प्रसिद्ध झाले. त्यात वेगवेगळे शब्द केवळ २३६ आहेत. पुढे १९६० साली 'ग्रीन एग्ज अँड हॅम' हे पुस्तक तर त्यांनी एका प्रकाशकाशी पैज लावून अवघ्या ५० शब्दांत लिहिले.

चित्र काय करते?

'द कॅट इन द हॅट'ची कथा साधी आहे. बाहेर पाऊस, आई घरी नाही, दोन भावंडे कंटाळून बसलेली. इतक्यात उंच पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातलेले मांजर घरात शिरते आणि एका चेंडूवर उभे राहून पुस्तके, केक, दुधाची बशी, माशाचे भांडे असे सारे तोलू लागते. शब्द थोडे, पण चित्रात एकेक वस्तू वाढत जाते. आता हे सगळे पडणार, हे मुलाला मजकूर वाचण्याआधीच चित्रावरून कळते. म्हणून ते पान उलटते. पान उलटण्याची ही ओढ हीच वाचनाची पहिली पायरी होय.

शिवाय येथे पात्रांपेक्षा वाचणारे मूल शहाणे ठरते. एरवी मोठ्यांकडून सदैव चुका ऐकणाऱ्या मुलाला हा अनुभव फार मोलाचा असतो. पुस्तकाच्या शेवटी उपदेशही नाही. आईने विचारले तर तुम्ही खरे सांगाल काय, एवढाच प्रश्न मुलांसमोर ठेवला आहे.

कोणाला हसावे?

येथे एका गोष्टीचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. हसू निर्मळ असते तसे विषारीही असते. याच डॉ. स्यूस यांनी १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांना देशद्रोही ठरविणारे व्यंगचित्र काढले होते. त्यांच्या काही बालपुस्तकांतही आशियाई व आफ्रिकी माणसांची हेटाळणी करणारी चित्रे होती. अशी सहा पुस्तके, त्यांत १९३७ चे त्यांचे पहिले बालपुस्तकही आले, यापुढे छापणार नाही, असे त्यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ साली जाहीर केले.

परंतु त्याच लेखणीतून १९६१ साली 'स्नीचेस'ची कथाही उतरली. काही स्नीच प्राण्यांच्या पोटावर तारा असतो, काहींच्या नसतो. तारेवाले स्वतःला श्रेष्ठ समजतात व इतरांना पंगतीला घेत नाहीत. एक धूर्त माणूस यंत्र घेऊन येतो. तीन डॉलरला तारा उमटवून देतो. मग तारेवाल्यांना वेगळे दिसावेसे वाटते, तर दहा डॉलरला तारा पुसून देतो. शेवटी कोण मूळचा कोण, हे कोणालाच कळेनासे होते. पैसे संपतात, आणि शहाणपण येते. ज्यूद्वेषाच्या विरोधातून ही कथा सुचल्याचे लेखकाने सांगितले होते. जन्माच्या खुणेवरून किंमत ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. पाच वर्षांचे मूल मात्र या कथेत दुबळ्याला हसत नाही, ते गर्वाला हसते.

आपण काय करावे?

१) मुलासाठी पुस्तक निवडताना त्यात हसू कोणावर आहे, ते पाहावे. रंग, व्यंग, गरिबी वा जात यांवर हसविणारे पुस्तक मुलाच्या हाती देऊ नये.

२) मुलाला जवळ बसवून पुस्तक वाचावे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांनीही चित्र दाखवून "आता काय होईल रे?" असे विचारावे. मूल सांगू लागते.

३) तेच पुस्तक मुलाने दहा वेळा मागितले तर कंटाळू नये. पाठ झालेल्या मजकुरातूनच अक्षरे ओळखीची होतात.

४) चित्रकला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील मुलांसाठी हाताने पुस्तके तयार करावीत. जोडाक्षरे टाळावीत. टुणकन, धपकन, गडगड, खदखद असे नादाचे शब्द मराठीत विपुल आहेत व त्यांत जोडाक्षर नाही. आठ कागद, एक सुई-दोरा आणि शंभर शब्द एवढे भांडवल पुरे.

पुस्तक उघडून खदखदून हसलेले मूल उद्या आपणहून दुसरे पुस्तक मागेल. ते देण्याची तयारी आपण सर्वांनी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.