मांजरीच्या पिलाचा जमाखर्च



आपला सालेकसा तालुका धानाचा. धान घरात आले की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवेच. मांजरीची पिले तणसाच्या ढिगात नाहीतर जुन्या पोत्यावर वाढतात. त्यांच्याबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. “दूध पाजतो, तरी पिलू वाळतच चालले आहे,” ही एक. आणि “अंगावर पिसवा झाल्या आहेत,” ही दुसरी. वरवर पाहता या तक्रारी वेगळ्या दिसतात. परंतु पिलाच्या लहानशा शरीराचा जमाखर्च मांडला, की दोन्ही एकाच वहीत येतात. चला, तो मांडून पाहू.

उष्णतेचा हिशेब

नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. मोठे मांजर ४ किलोग्रॅमचे धरले, तर ते पिलाच्या ४० पट झाले. दोघांचा आकार सारखाच मानला, तर मांजराच्या कातडीचे क्षेत्रफळ मात्र पिलाच्या केवळ १२ पट भरते. म्हणजे दर ग्रॅम वजनामागे पिलाची कातडी मांजराच्या जवळजवळ साडेतीन पट असते. उष्णता कातडीवाटे बाहेर जाते. म्हणून पिलू लवकर गारठते. गारठलेल्या पिलाचे आतडे नीट काम करीत नाही आणि पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते.

यावरून पहिला नियम निघतो : आधी ऊब, मग दूध. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा व पिलाच्या एका बाजूला ठेवा. फार गरम वाटले तर त्याला दूर सरकता आले पाहिजे. दूध कोमट असावे. पाजताना पिलाला पोटावर ठेवावे, उताणे कधीही धरू नये. उताण्या पिलाच्या फुप्फुसात दूध जाऊ शकते.

दुधाचा हिशेब

मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात. गाईच्या दुधात दुग्धशर्करा मात्र अधिक. ती पचली नाही तर आतड्यातच राहते आणि परासरणाने शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. परिणाम म्हणजे हगवण. आपण दूध वाढवीत जातो आणि पिलू वाळत जाते, ते यामुळे. पोरक्या पिलाला दुसरी दूध पाजणारी मांजर मिळाली तर उत्तम. नाहीतर पशुवैद्याला विचारून पिलांसाठी तयार केलेली दूधपावडर आणावी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजावे लागते.

सुमारे चार आठवड्यांनंतर मऊ अन्न सुरू करता येते. येथे आपल्या भाताच्या मुलखात एक चूक घडते. मांजर दूध-भातावर जगते, असे आपण समजतो. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य अन्नातूनच पुरेसे मिळावे लागते. ते मांसात व मासळीत असते, भातात किंवा डाळीत नसते. टॉरीन कमी पडल्यास मांजराचा दृष्टिपटल बिघडतो हे १९७५ साली, आणि हृदयही दुबळे होते हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणून भातात शिजवलेली, काटे काढलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस घालावे. कांदा-लसूण नको, तो मांजराला विषारी आहे.

रक्ताचा हिशेब

पिसवेची मादी दिवसाला सुमारे ०.०१३६ मिलिलिटर रक्त पिते. हा आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण ७२ माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर पितात. ३०० ग्रॅमच्या पिलाच्या अंगात रक्त असते जेमतेम २० मिलिलिटर! तुमच्या अंगात चार लिटर रक्त आहे असे धरले, तर रोज २०० मिलिलिटर काढून नेण्यासारखेच हे झाले. पिलाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पिसवा आहेत की नाहीत, हे ओळखावे कसे? केसांतील काळे कण ओल्या टीपकागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त होय.

पिसू चिमटीत सापडत नाही. ती २० सेंटिमीटर उंच उडाली, तर तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला २ मीटर येतो. आणि हा वेग ती सुमारे एक सहस्रांश सेकंदात घेते. म्हणजे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोनशे पट! स्नायूंना एवढ्या झटपट काम करता येत नाही. रेझिलिन या लवचिक प्रथिनात ऊर्जा आधी साठवून, ताणलेल्या धनुष्याप्रमाणे ती एकदम सोडली जाते. बेनेट-क्लार्क व ल्युसी यांनी १९६७ साली हे मांडले.

म्हणून बारीक दातांची फणी घ्या आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. साध्या पाण्यावर पिसू पृष्ठताणामुळे तरंगू शकते. साबणाने पृष्ठताण घटतो आणि ती बुडते.

पण एवढ्याने भागत नाही. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती चिकट नसल्याने घरंगळून पोत्यावर व जमिनीच्या भेगांत पडतात. अळ्या तेथेच वाढतात. कोरड्या हवेत अळ्या मरतात, म्हणून पोते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि भेगा झाडून घ्या. कोशातील पिसू कित्येक महिने दबा धरून राहू शकते, तेव्हा हे काम दर आठवड्याला करीत राहिले पाहिजे.

कुत्र्याची पिसवांची पावडर, फिनेल किंवा रॉकेल मांजराला कधीही लावू नका. कुत्र्याच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला त्याचे विघटन नीट जमत नाही. अंगाला कंप सुटून मांजर दगावू शकते.

करून पहा

पिलाचे वजन रोज ठरावीक वेळी काट्यावर करा आणि आलेख काढा. निरोगी पिलू पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढते. रेषा आडवी झाली, की तिन्ही हिशेब पुन्हा तपासा : ऊब, दूध, पिसवा. रेषा खाली वळली, तर आलेखाची वही घेऊनच पशुवैद्याकडे जा.