मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग : कारण, उपचार आणि प्रतिबंध

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक छोटा प्रसंग आला आहे. विहारातील शौचकूपाचा वापर भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने करीत असत. नव्याने उपसंपदा घेतलेले भिक्खू आधी येऊनही ज्येष्ठांसाठी थांबून राहत आणि वेग रोखून धरल्यामुळे मूर्च्छित होऊन पडत. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी नियम घालून दिला की, शौचकूपात ज्येष्ठतेनुसार नव्हे, तर आल्या क्रमाने जावे. संघजीवनात ज्येष्ठतेचा मान मोठा. परंतु शरीराच्या निकडीपुढे तो बाजूस ठेवण्यात तथागतांना संकोच वाटला नाही. या प्रसंगाचे स्मरण करण्याचे कारण असे की, ज्या आजाराविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत रोखून धरलेला वेग आणि न सांगितलेला त्रास या दोहोंचा वाटा मोठा आहे.

निवासी शाळेतील मुले वर्षाचा बहुतेक काळ आईवडिलांपासून दूर राहतात. ताप आला तर ती सांगतात, पाय मुरगळला तर सांगतात. लघवीला जळजळ होते हे मात्र सांगत नाहीत. घरोघरच्या स्त्रियांचीही हीच स्थिती आहे. म्हणून हा विषय स्मरणिकेत मोकळेपणाने मांडणे आम्हांस आवश्यक वाटले. दुःख, दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग हा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. चांगला वैद्यही याच क्रमाने विचार करतो. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

१. आजाराची ओळख

आपल्या पाठीच्या बाजूस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मणक्याच्या दोन्ही अंगांस एकेक मूत्रपिंड असते. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व शरीरात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. मूत्रपिंडातून ही लघवी मूत्रवाहिनीने मूत्राशयात उतरते आणि मूत्रमार्गाने बाहेर जाते.

जंतुसंसर्ग मूत्राशयापुरता असेल, तर लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते, गेले तरी थोडीच होते आणि ओटीपोटात दुखते. तोच संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोहोचला, म्हणजे आजाराचे स्वरूप पालटते. हुडहुडी भरून ताप येतो, कुशीत किंवा बरगड्यांखाली पाठीत एका बाजूस दुखते, मळमळ व उलट्या होतात, लघवी गढूळ, दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित होते. यालाच डॉक्टर पायलोनेफ्रायटिस म्हणतात.

दोन वयोगटांत मात्र ही लक्षणे फसवी असतात. तान्ह्या मुलात केवळ ताप, किरकिर, दूध न पिणे आणि वजन न वाढणे एवढेच दिसते. वृद्धांमध्ये ताप नसतानाही एकाएकी ग्लानी येते किंवा बोलण्यात असंबद्धता येते. म्हणून लहान मुलाच्या तापाचे कारण सापडत नसेल, तर लघवी तपासून घेण्यास विसरू नये.

२. कारण

या आजाराचे बहुतेक जंतू बाहेरून येत नाहीत. ते आपल्याच आतड्यात राहतात. त्यांतील प्रमुख म्हणजे ई. कोलाय. आतड्यात ते सहसा उपद्रव करीत नाहीत. गुदद्वारातून मूत्रमार्गाकडे आणि तेथून वर गेले, तर रोग निर्माण करतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा असतो. स्त्रियांत हा आजार अधिक आढळण्याचे हे एक मोठे कारण आहे. त्यात त्यांचा कोणताही दोष नाही.

लघवीचा प्रवाह हा शरीराचा पहारेकरी आहे. दर वेळी तो मूत्राशयात शिरलेले जंतू धुऊन काढतो. पाणी कमी प्यायले, लघवी तासन्‌तास रोखून धरली, की जंतूंना वाढण्यास अवधी मिळतो. मूतखडा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मुलांमधील बद्धकोष्ठता यांमुळेही लघवी तुंबते. काही बालकांत मूत्राशयातील लघवी जन्मजात दोषामुळे उलट वर जाते. मधुमेह आणि गर्भारपण यांतही धोका वाढतो.

ऊसतोडणीस जाणाऱ्या आमच्या पालक भगिनी दिवसभर फडात राबतात. तेथे आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच कमी पितात. हीच गोष्ट घरकाम करणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या आणि एस.टी.च्या लांब प्रवासातील स्त्रियांची. यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. तास चालू असताना लघवीस जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाला ‘घंटा होईपर्यंत थांब’ असे आम्ही कितीदा तरी म्हटले असेल. सकाळी वसतिगृहातील शौचालयापुढे मोठी मुले पुढे आणि लहान मुले मागे, हे दृश्यही आम्ही पाहिले आहे. चुल्लवग्गातील तो प्रसंग वाचताना ही रांग डोळ्यांपुढे आल्यावाचून राहिली नाही.

३. उपचार

हा आजार योग्य वेळी उपचार झाल्यास बहुधा पूर्ण बरा होतो. वेळ गेली तर मात्र जंतू रक्तात पसरून जिवावर बेतू शकते, आणि लहान मुलांच्या मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून थंडीताप आणि कुशीतील दुखणे एकत्र दिसताच डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टर प्रथम लघवीची तपासणी व कल्चर करण्यास सांगतात. कल्चर म्हणजे लघवीतील जंतू वाढवून ते कोणत्या औषधाने मरतात हे पाहणे. यासाठी जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधल्या धारेची लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी. शक्यतो हा नमुना औषध सुरू करण्यापूर्वी द्यावा. अहवालास दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने प्रतिजैविक औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरज पडल्यास ते बदलतात. खडा किंवा अडथळ्याची शंका असल्यास सोनोग्राफी करतात.

औषधाचा काळ सामान्यतः ७ ते १४ दिवसांचा असतो. दोन दिवसांत ताप उतरतो आणि रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. येथेच पुष्कळांची चूक होते. जंतू अद्याप पूर्ण नष्ट झालेले नसतात. औषध अर्ध्यावर सोडल्यास दुखणे उलटू शकते. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे, दुकानदारास विचारून गोळी घेणे, हेही टाळावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाच्या औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. ती पाहण्याची सवय लावावी. प्रतिजैविकांच्या अशा बेताल वापरामुळेच ई. कोलायवर अनेक जुनी औषधे आज चालेनाशी झाली आहेत. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही मूत्रपिंडास अपाय करतात.

गर्भवती स्त्री, तान्हे मूल किंवा मधुमेही व्यक्ती आजारी असेल, उलट्यांमुळे औषध पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, भोवळ येत असेल किंवा औषध सुरू होऊन दोन-तीन दिवसांनीही ताप असेल, तर रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये. गर्भारपणात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असू शकतात आणि पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग व अकाली प्रसूती यांस कारण होतात. म्हणून आशाताईंनी सांगितलेली लघवीची तपासणी टाळू नये. धणेपाणी, जवाचे पाणी प्यावयास हरकत नाही. मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

४. प्रतिबंधाचा मार्ग

दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद झाली तर ते कमी पडते आहे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे. दर तीन-चार तासांनी लघवीस जावे आणि मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शौचानंतर पुढून मागे या दिशेने स्वच्छता करावी. लहान मुलींना हे आईने समजावून सांगावे. मासिक पाळीतील कापड वा पॅड वेळेवर बदलावे. कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. शरीरसंबंधानंतर स्त्रियांनी लघवीस जावे. मुलांची बद्धकोष्ठता आणि मोठ्यांचा मधुमेह यांकडे दुर्लक्ष करू नये.

परंतु या सूचना एकट्या व्यक्तीला पाळता येतात असे नाही. स्वच्छ, कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय नसेल, तर मुलीला ‘भरपूर पाणी पी’ हा उपदेश कोरडाच ठरतो. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या समाजाने पाण्याच्या हक्कासाठी असा संघर्ष केला, त्याच समाजातील मुलीने शौचालयाच्या अभावी समोरच्या घागरीतील पाणी पिणे टाळावे, ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, शाळेला देणगी देताना शौचालये आणि पाण्याची टाकी यांचाही विचार करावा. पालकांनी भेटीस आल्यावर अभ्यासाबरोबर हेही विचारावे की, बाळा, लघवीला त्रास तर होत नाही ना? आणि आम्ही शिक्षकांनी, वर्गात मुलाने हात वर करताच, कारण न विचारता त्यास जाऊ द्यावे. तथागतांनी संघासाठी जो नियम घालून दिला, तो आपल्या वर्गातही लागू व्हावा.