गोचिडाचा ताप

बारामती-इंदापूरच्या बागायती गावांत आज दारोदार संकरित गाय दिसते. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटले. पुढे ऊस आला, वाढे आले, हिरवा चारा आला. दुधाचा धंदा त्यावरच उभा राहिला. या गाईला दूध भरपूर. पण खिल्लारीचा काटकपणा तिच्यात नाही. खिल्लार गाय गोचिडाचा ताप बहुधा निभावून नेते. संकरित गाय त्याने मरते.

समजा, एका घरी दीड वर्षाची कालवड आहे. सून सकाळी गोठ्यातून येऊन म्हणते, "आत्याबाई, कालवड वैरणीला तोंड लावीना. कान तापलेत."

"ऊन लागलं असंल, पोरी. गुळाचं पाणी पाज."

सून पुन्हा जाते. कालवडीच्या खांद्यापुढे हात फिरवते. तिथे लिंबाएवढी गाठ लागते. कानामागे, कासेजवळ गोचिडी चिकटलेल्या. उन्हाने गाठ येत नाही! ती लगेच १९६२ ला फोन लावते. (हे साल नव्हे, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे.)

डॉक्टर थर्मामीटर लावतात. ताप १०५. निरोगी गाईचा असतो १०१ ते १०२. मग कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतात. या रक्तात थायलेरिया नावाचा जंतू सापडतो. तो इतका बारीक, की दुर्बिणीखालीच दिसतो. आजारातून उठलेल्या गाईच्या अंगातही तो राहतो. गोचीड तिचे रक्त पिते, मोठी होते, दुसऱ्या गाईला चावते, आणि थुंकीबरोबर जंतू आत सोडते. माणसाला हा रोग होत नाही.

यावर बुपारवाक्वोन नावाचे इंजेक्शन आहे. ते मानेच्या मांसात देतात. लवकर दिले तर गाय वाचते. अंगातले रक्त आटल्यावर दिले तर भरवसा नाही. म्हणून डोळ्याची पापणी खाली ओढून पाहावी. आतून गुलाबी हवी. पांढरी फटक किंवा पिवळी दिसली तर क्षणभर थांबू नये.

इंजेक्शन झाले म्हणजे काम संपले, असे नाही. आता शुश्रूषा घरच्यांची. कालवड सावलीत, वाऱ्यावर बांधावी. चालवू नये, पळवू नये. रक्त कमी झाले की तिला धाप लागते. स्वच्छ पाणी सतत पुढे असावे. कोवळा हिरवा चारा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा घालावा. नळकांड्याने जबरदस्तीने काही पाजू नये. आपल्याकडे ही खोड फार! अशक्त जनावराला ठसका लागतो, पातळ औषध फुफ्फुसात उतरते, आणि तापाने न मेलेली कालवड त्याने मरते. सकाळ-संध्याकाळ ताप पाहावा, कागदावर लिहावा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

गाय दुभती असेल तर औषधानंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही, तेही विचारून घ्यावे.

आता गोठ्याकडे पाहा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि मरते. तेव्हा नुसत्या गाईला औषध लावून भागत नाही. फटी सिमेंटने बुजवाव्यात. गोठ्यात कोंबड्या सोडाव्यात. त्या गोचिडी वेचतात. फवाऱ्याचे औषध विषारी असते. प्रमाण डॉक्टरांना विचारावे, गव्हाण झाकावी, मुलांना दूर ठेवावे. आणि पहिल्या फवारणीनंतर अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून दुसरी फवारणी कधी करायची तो दिवसही त्याच कागदावर लिहून ठेवावा.