नागिणीनंतरची वेदना आणि अवरक्त किरणांचे उष्णता-चित्रण

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे हे नाव अणुशक्तीशी कायमचे जोडले गेले आहे. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली १९५४ साली येथे अणुशक्ती संशोधनाची संस्था स्थापन झाली. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. अणुभट्टीसाठी आवश्यक असलेली सूक्ष्म मोजमापाची विद्या या केंद्राने रुग्णसेवेकडेही वळविली. शरीरातून अत्यल्प विद्युत्प्रवाह सोडून, सुई न टोचता, हातापायांतील रक्ताभिसरण मोजण्याचे तंत्र येथे विकसित करण्यात आले. त्वचेला स्पर्शही न करता तिच्या तापमानाचा नकाशा काढणारे अवरक्त उष्णता-चित्रण ही अशाच प्रकारची निरुपद्रवी पद्धत होय. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेच्या तपासणीत तिचा उपयोग कितपत होतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

वेदनेचे मूळ

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होणारा विकार आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू नष्ट होत नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत अनेक वर्षे सुप्त राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाली की तो पुन्हा जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. ही उपपत्ती १९६५ साली सप्रमाण मांडणारे डॉ. होप-सिम्प्सन हे इंग्लंडमधील एका लहान गावचे सामान्य वैद्यकीय व्यावसायिक होते. आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून त्यांनी हा निष्कर्ष काढला.

नागिणीचा विळखा पूर्ण होऊन दोन्ही टोके जुळली की रोगी दगावतो, असा समज आपल्याकडे आहे. तो निराधार आहे. कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो. म्हणून पुरळही सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठते आणि मध्यरेषेशी थांबते.

खरा त्रास पुढे सुरू होतो. खपल्या पडतात, त्वचा भरून येते. परंतु दुखावलेला मज्जातंतू वेदनेचे संदेश पाठवीतच राहतो. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही टिकणाऱ्या अशा वेदनेस नागिणीनंतरचा मज्जाशूल म्हणतात. साठीनंतर त्याचा धोका विशेष असतो. अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, झोप उडते. वरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांना मात्र ही तक्रार खोटी वाटते. न दिसणाऱ्या दुखण्याची ही उपेक्षा वृद्ध रुग्णांना वेदनेइतकीच जाचते.

चित्रणाचे तत्त्व

१८०० साली विल्यम हर्षेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला. तेथे प्रकाश दिसत नव्हता, पण पारा चढला. ते अवरक्त किरण होत. मानवी त्वचाही असे किरण सतत बाहेर टाकते व त्वचा जितकी उष्ण, तितके ते अधिक असतात. उष्णता-चित्रक ते टिपून तापमानाप्रमाणे रंगांचे चित्र तयार करतो. अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरकही त्यात कळू शकतो. विजेच्या यंत्रसामग्रीतील तापलेले सांधे याच पद्धतीने शोधतात. या तपासणीत क्ष-किरण नसल्याने ती पुनःपुन्हा करता येते.

निरोगी शरीरात डाव्या व उजव्या बाजूंच्या समान भागांच्या तापमानात साधारणतः अर्ध्या अंशाहूनही कमी फरक असतो. त्यामुळे नागीण झालेल्या पट्ट्याची तुलना रुग्णाच्याच निरोगी बाजूशी करतात. आजाराच्या आरंभी दाह व वाढलेला रक्तपुरवठा यांमुळे तो पट्टा बहुधा अधिक उष्ण दिसतो. पुढे रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणारे तंतू बिघडल्यास काही रुग्णांत तो थंड, तर काहींत उष्णच राहतो.

तपासणीपूर्वी रुग्णाने तो भाग उघडा ठेवून, पंख्याचा झोत नसलेल्या समशीतोष्ण खोलीत सुमारे पंधरा मिनिटे बसावे लागते. तेल, बाम, गेरू किंवा अन्य लेप त्वचेवर असता कामा नये; अन्यथा चित्र फसवे निघते.

मर्यादा

हे चित्र वेदनेचे नसून तापमानाचे असते, हे विसरता कामा नये. तीव्र वेदना असूनही दोन्ही बाजू सारख्या दिसू शकतात. म्हणून केवळ चित्रावरून निदान करता येत नाही, तसेच फरक दिसला नाही म्हणून रुग्णाचे म्हणणे नाकारणेही योग्य नव्हे. निदान मुख्यतः पूर्वीच्या पुरळाची हकीकत व त्वचेची संवेदना यांवरून होते. वेदनेची तीव्रता शून्य ते दहा अशा मापाने रुग्णालाच विचारावी लागते. चित्रण हे त्यास पूरक असून, कालांतराने होणारे बदल नोंदविण्यास साहाय्यभूत होऊ शकते.

गावाने काय करावे?

असे उपकरण गावोगावी नसले तरी सर्वांत महत्त्वाचा उपाय त्यावाचूनही साधतो. एका बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालविता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. कपाळावर किंवा डोळ्याजवळ फोड असल्यास दृष्टीस धोका संभवतो. तेथे क्षणाचाही विलंब नको. मागाहून राहणाऱ्या वेदनेसाठी सामान्य वेदनाशामके अपुरी पडतात, परंतु मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधे उपलब्ध आहेत. पन्नाशीवरील व्यक्तींसाठी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात मिळू लागली असून तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत विळख्याचा गैरसमज दूर केला, तर ते ७२ तास वाया जाणार नाहीत. आणि जखम भरल्यानंतरही ‘दुखते’ असे सांगणाऱ्या वृद्धावर विश्वास ठेवून त्याला पुन्हा दवाखान्यात नेणे, हे तर कोणत्याही घराला शक्य आहे.