बास गिटारची घूं-घूं आणि वायरची निवड



गायनवृंदाचा बास अ‍ॅम्प्लिफायर गेले काही रविवार घूं-घूं करीत आहे आणि मिस्सेत गीत चालू असताना त्याचा आवाज मधूनच तुटतो. "फादर, नवीनच घेऊ या," अशी सूचना आली आहे. तथापि दानपेटीतील पैसा तुमच्या कष्टाचा आहे. म्हणून नवीन यंत्राचा विचार करण्याआधी दोष कुठे आहे ते पाहू. गायनवृंदातील मुलामुलींनी हा लेख जपून ठेवावा.

सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकवीत. त्यात 'व्यतिरेक पद्धती' असते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये ती आपल्या ग्रंथात मांडली आणि आपल्याकडील नैयायिकांनाही अन्वय-व्यतिरेक ठाऊक होता. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट काढून पाहायची. परिणाम गेला, तर कारण त्या गोष्टीत आहे. आपण मात्र घाईत वायर बदलतो, बोर्ड बदलतो आणि बटणेही फिरवतो. मग आवाज सुधारला तरी तो कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

गिटार, तिची वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि भिंतीतला वीजपुरवठा अशी ही साखळी आहे. प्रथम आवाजाचे बटण शून्यावर आणून गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा. आता बटण हळूहळू वाढवा. घूं-घूं थांबली असेल, तर दोष वायरमध्ये किंवा गिटारमध्ये. चालूच असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा विजेत. या एका चाचणीने निम्मे काम होते. दोष पुढच्या बाजूला निघाला तर खात्रीची दुसरी वायर लावून पाहा. बहुतेक वेळा पिनजवळचा टाका सुटलेला असतो. पिन हलवताना खरखर झाली की समजावे.

ती घूं-घूं पेटीवर ताडून पाहा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ चा, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच. गुणगुण तिच्या जवळपास, किंचित वर लागली तर ती विजेचीच. वायर काढूनही त्याच्या वरच्या सप्तकातला, १०० आवर्तनांचा सूर राहत असेल, तर आतले फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. ते काम मेकॅनिकचे. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो, म्हणून मागचे झाकण कोणीही उघडू नये.

आवाज तुटण्याला आणखी एक कारण असते. मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोके असल्यास ती एका आखूड वायरने जोडून पाहा. आवाज परत आला, तर आतल्या संपर्कावर गंज आहे. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो. रॉकेल वापरू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. घूं-घूं घालवण्यासाठी काही जण तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन, म्हणजे अर्थिंग, काढून टाकतात. आवाज खरोखरच थांबतो, आणि म्हणूनच ही युक्ती घातक आहे. वादकाचा हात तारांवर असतो. तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूला जोडलेल्या असतात. ओठ माइकला लागतात. माइक मिक्सरला जोडलेला असतो. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग नसेल आणि आत बिघाड झाला, तर २३० व्होल्ट छातीतून जाऊ शकतात. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच असा गेला. त्या माइकला अर्थिंग नव्हते. योग्य उपाय असा की मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर, अर्थिंगसह लावावेत. आपल्या वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो. मार्च ते जून त्यात नियमित पाणी घालावे. हात लावताच झिणझिण्या आल्या तर वाजवणे तत्काळ थांबवावे, मिस्सा चालू असली तरीही.

वायर घेताना दुकानात नुसते "ऑडिओची वायर द्या" म्हणू नका. गिटारसाठी शिल्ड वायर लागते: मध्ये एक बारीक तार आणि भोवती तांब्याची जाळी. गिटारचा संकेत फार क्षीण असतो. जाळी त्याला विजेच्या गुणगुणीपासून वाचवते. लांबी पाच-सहा मीटरपेक्षा जास्त नको, कारण लांब वायरीत आवाजाची धार बोथट होते. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे असतील, तर त्यांच्यामध्ये स्पीकर वायर हवी: दोन सारख्या जाड तारा, जाळी नाही. १०० वॉट ८ ओहमच्या स्पीकरला दिले तर सुमारे साडेतीन अँपिअर वाहतात. तिथे गिटारची बारीक वायर लावली तर ती तापते, शक्ती वाया जाते, आणि आतून शॉर्ट झाल्यास अ‍ॅम्प्लिफायरही जातो. उलट स्पीकर वायर गिटारला लावली, तर घूं-घूं आपणच विकत आणल्यासारखे होईल.

पंचाईत अशी की दोन्ही वायरींना तीच जाड पी-३८ पिन असते आणि वरून दोन्ही काळ्याच. म्हणून शनिवारच्या सरावाला आपल्याकडील प्रत्येक वायरची पिन उघडून आत पाहावे. जाळीवालीला निळी चिकटपट्टी, स्पीकरवालीला लाल. वायर कोपराभोवती पिळून गुंडाळू नये, सैल वेटोळे करावे. आणि बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर सराव संपताच तिची पिन काढून ठेवावी. पिन आत राहिली की बॅटरी रात्रभर जळत राहते.