भाताचे बियाणे आणि मिठाच्या पाण्याची घनता
भाताचे पोचट बी पेरल्यास रोपे विरळ उगवतात, आणि हंगाम पुढे गेल्यावर ही चूक सुधारता येत नाही. यास्तव शेतकरी बंधूंनी पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात निवडून घ्यावे.

ही निवड घनतेवर अवलंबून असते. वस्तुमानास आकारमानाने भागले असता घनता मिळते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळविल्यास द्रावणाचे वस्तुमान १०.३ किलोग्रॅम होते. आकारमान मात्र सुमारे १०.१ लिटरच भरते. १०.३ ला १०.१ ने भागल्यास सुमारे १.०२ येतात, म्हणजे अशा १ लिटर द्रावणाचे वजन सुमारे १,०२० ग्रॅम असते. याहून कमी घनतेचे दाणे तरंगतात. भरीव दाणे तळाशी बसतात.

मीठ मुठीच्या अंदाजाने न घालता तोलून घालावे. पाणी २५ लिटर असल्यास ७५० ग्रॅम मीठ लागेल. द्रावणात बी ओतून ढवळावे व पाणी स्थिर झाल्यावर तरंगणारे दाणे काढून टाकावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावे. बियाण्यास मीठ राहिल्यास उगवणीस बाध येतो.